मापाआधी तापमान

कडक उन्हाच्या मुलखात मायक्रॉनचे काम होत नाही, ही समजूत आपल्या औद्योगिक विचारात खोल मुरली आहे. पुण्याची हवा बरी, नाशिकची त्याहून बरी, म्हणून अचूक सुटे भाग तिकडे. खानदेशाने कापूस, केळी, मिरची आणि ऊस पाहावा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला ही समजूत जरा जास्तच आली. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर चढतो. आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेला मुलगा सुरत, नाशिक नाहीतर पुण्याची वाट धरतो, कारण इथे त्याच्या हाताला साजेसे कारखाने नाहीत. कारखाने का नाहीत याची यादी केली, की त्यात ऊन आपसूक वरच्या ओळीत जाऊन बसते.

ते तिथून खाली उतरवायला हवे, असे माझे म्हणणे आहे. अचूक काम बिघडवते ती तापमानांमधली तफावत आणि तिची न ठेवलेली नोंद. सगळ्या वस्तूंना सारखीच लागलेली आणि वहीत उतरलेली उष्णता फारसे काही बिघडवू शकत नाही. हे मान्य केले तर ‘इथे ऊन फार’ हे वाक्य कारण म्हणून उरत नाही, सबब म्हणून उरते.

आधी उन्हाची बाजू पूर्ण ताकदीने मांडू. एक मीटर लांबीचे पोलाद एका अंशाने तापले की सुमारे साडेअकरा मायक्रॉनने लांबते. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २३ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट घ्या. मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि शेडमध्ये ४२ अंश आहेत. फरक २२ अंशांचा, म्हणजे व्यास सुमारे २५ मायक्रॉनने वाढलेला. बेअरिंग नीट बसावे म्हणून अशा शाफ्टला ‘एच-सहा’ वर्गाचा टॉलरन्स दिला, तर ड्रॉइंग त्याला एकूण २२ मायक्रॉनची मोकळीक देते. नुसत्या उन्हानेच सगळी मोकळीक खाऊन टाकली, वर तीन मायक्रॉन उधारीवर घेतले. कारागिराचा हात, हत्याराची धार, यंत्राची झीज यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही.

आकडा खरा आहे, पण तो अर्धाच आहे. शाफ्ट पोलादाचा, तो मोजणारा मायक्रोमीटरही पोलादाचा आणि दोघेही सकाळपासून एकाच टेबलावर शेजारी पडलेले असतील, तर मायक्रोमीटरही त्याच प्रमाणात वाढलेला असतो. दोन्ही वाढी एकमेकींना खोडतात आणि ४२ अंशांतही वाचन जवळजवळ बरोबर येते. चूक शिरते ती जोडीतला एकजण वेगळा निघाला की. जॉब नुकताच कटिंगमधून गरम उतरला आणि मायक्रोमीटर कपाटातून थंड आला. किंवा जॉब ॲल्युमिनियमचा आणि गेज पोलादाचा. तेच १०० मिलिमीटरचे भोक ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला ४२ अंशांत पोलादी गेजने तंतोतंत लावले, तर २० अंशांवर ते २५ मायक्रॉनने लहान भरेल. शेड तीच, ऊन तेच, पण एका जॉबला धक्का नाही आणि दुसरा ग्राहकाकडून परत येतो. दोष उन्हाचा असता तर दोघांनाही सारखाच लागला असता.

मग हे २० अंश आले कुठून? निसर्गातून तर खचितच नाही. ब्रिटनमध्ये प्रमाण तापमान ६२ अंश फॅरनहाइट होते, फ्रान्समध्ये शून्य अंश सेल्सिअस. दोन देशांतले दोन अचूक कारागीर आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांशी जुळत नव्हते. १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने २० अंशांवर एकमत घडवले. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आपले अगदी पहिले मानक याच विषयावर काढले, त्याचा क्रमांकच ‘आयएसओ १’. या इतिहासातून निघणारी गोष्ट साधी आहे. २० अंश हा करार आहे, हवामान नव्हे. पुण्यातही वर्षातला बहुतेक काळ पारा २० अंशांवर नसतो आणि बंगळुरातही नसतो. भारतातली प्रत्येक अचूक कार्यशाळा त्या कराराच्या मापाने ‘चुकीच्या’ तापमानात आहे. कोणी यंत्रे लावून तो फरक मिटवतो, कोणी हिशेब करून. नंदुरबारचा फरक आकड्याने मोठा आहे, जातीने वेगळा नाही. आणि नुसत्या उष्णतेनेच काम अडत असते तर राजकोटला मशिन टूलचा धंदा उभाच राहिला नसता. सौराष्ट्राचा उन्हाळा खानदेशापेक्षा कमी लेखण्याजोगा नाही. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूमही मराठवाड्याच्या उन्हातच डाय आणि साचे घडवते.

यंत्राच्या आत शिरले की प्रश्न आणखी रोचक होतो, कारण तिथे ऊन हा उष्णतेच्या अनेक स्रोतांपैकी फक्त एक उरतो. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये घर्षण, मोटरमध्ये विजेची उष्णता, बॉलस्क्रूच्या नटमध्ये घासाघासी, बेडवर साचलेला गरम बुरादा, दिवसभर फिरून कोमट झालेले कुलंट, हायड्रॉलिकचे तेल. एक मीटरचा बॉलस्क्रू पाच अंशांनी तापला तर सुमारे ५७ मायक्रॉनने लांबतो आणि अक्षाची जागा थेट मोजणारी काचपट्टी नसलेले यंत्र त्या लांबलेल्या स्क्रूलाच खरे मानून चालत राहते. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेचे जेम्स ब्रायन यांनी १९९० साली या विषयाचा जागतिक आढावा घेतला. अचूक यंत्रकामातल्या एकूण चुकांपैकी ४० ते ७० टक्के चुका उष्णतेतून येतात, असा त्यांचा निष्कर्ष आजही या क्षेत्रात उद्धृत होतो. तो आढावा काही खानदेशावर नव्हता. युरोप, अमेरिका, जपान इथल्या थंड, सुसज्ज कारखान्यांचा त्यात अनुभव होता. म्हणजे उष्णतेची चूक वातानुकूलनाच्या दारातून आत शिरत नाही, ती यंत्राच्या पोटात जन्मते. ती हाताळण्याची विद्या पुण्याला जितकी लागते तितकीच नंदुरबारमधल्या शहाद्याला.

ही विद्या तीन वाटांनी जाते. पहिली वाट उष्णता रोखण्याची: खोली थंड, तेल थंड, स्पिंडलभोवती थंड द्रवाचा प्रवाह. ब्रायन यांच्या प्रयोगशाळेत तर यंत्रावर नियंत्रित तापमानाच्या तेलाचा सतत वर्षाव केला जाई. दुसरी वाट यंत्राच्या रचनेतच उष्णतेला निरुपद्रवी करण्याची: दोन्ही बाजूंनी सारखे तापणारे सममित खांब, ग्रॅनाइटचे बेड, कमी प्रसरणाच्या धातू. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ साली निकेल आणि लोखंडाचा इन्व्हार हा मिश्रधातू शोधला. पोलादाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकाच तो तापून वाढतो. त्या कामासाठी त्यांना १९२० सालचे भौतिकीचे नोबेल मिळाले, इतका हा प्रश्न मोजमापाच्या जगाला छळत होता. तिसरी वाट हिशेबाची. यंत्राच्या निवडक जागी तापमान मोजणारे सेन्सर बसवायचे, यंत्र तासन्‌तास चालवून कोणत्या तापमानाला स्पिंडल किती सरकते ते नोंदायचे, त्या नोंदींतून नाते बांधायचे आणि ते सीएनसी कंट्रोलरच्या हाती द्यायचे. स्पिंडल तापून २० मायक्रॉन पुढे आले, तर कंट्रोलर अक्षाला २० मायक्रॉन मागे घेतो. उष्णता तशीच राहते, चूक मात्र वजा होते.

पहिल्या वाटेला पैसा आणि अखंड वीज लागते. दुसरी वाट यंत्र बनवणाऱ्याच्या हातात असते, वापरणाऱ्याच्या नव्हे. तिसऱ्या वाटेला लागतात थोडे सेन्सर आणि खूप शिस्त. जिल्ह्याच्या ठिकाणी परवडणारी वाट ही तिसरी आहे.

इथे तिसऱ्या वाटेवरचे आक्षेपही ऐकायला हवेत, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की हिशेब करून चूक वजा करणे म्हणजे वाईट यंत्राला माफी देणे. याचे उत्तर चुकीच्या जातीत आहे. जी चूक त्याच परिस्थितीत तशीच पुन्हा येते तिचाच हिशेब मांडता येतो. गिब सैल आहे, गाइडवे झिजली आहे, फाउंडेशन हलते आहे, अशा यंत्राची चूक दर वेळी वेगळी येते. तिला कोणतेही सूत्र पकडत नाही. त्यामुळे हा हिशेब करू पाहणाऱ्याला आधी यंत्र दुरुस्त करावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: हिशेबालाही उष्णता लागते. याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच भूमीवरचा आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली टॉमस कोल्बी यांच्या रचनेच्या दहा फुटी पट्ट्या आणल्या. लोखंडाची एक आणि पितळेची एक, मध्यावर जखडलेली. दोन्ही टोकांना आडव्या जिभा. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात वाढल्या की जीभ तिरकी होई, पण तिच्यावरचा ठिपका जागचा हलत नसे. उष्णतेची चूक यंत्राने स्वतःच वजा करायची, ही कल्पना सीएनसीच्या दीडशे वर्षे आधीची. याच पट्ट्यांनी कलकत्ता, डेहराडून, सिरोंज इथल्या आधाररेषा मोजल्या आणि १८४१ साली मराठीचा शेजार असलेल्या बिदरची. तरीही सर्वेक्षकांनी त्या पट्ट्यांवर डोळे मिटून विसंबणे टाळले. दोन्ही धातू एकाच तापमानाला असतील तेव्हाच ठिपका जागेवर राहतो; सकाळच्या उन्हात एक धातू भरभर आणि दुसरी सावकाश तापली, तर रचनेचा पायाच सरकतो. म्हणून पट्ट्यांवर तंबूंची सावली धरत आणि त्या प्रमाण पट्टीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहत. ठिपका हलत नाही हे माहीत असूनही ते ताडत राहिले, हीच त्यांच्या अचूकतेची खरी किंमत होती.

आजच्या सेन्सरांचीही हीच गत आहे. ओतीव लोखंडाचा खांब सावकाश तापतो. वरच्या कातडीला चिकटवलेला सेन्सर मात्र लगेच तापतो. त्यामुळे तोच आकडा सकाळी तापताना एक अर्थ सांगतो आणि संध्याकाळी निवताना दुसरा. सेन्सर वाढवले की शहाणपण वाढते असेही नाही. दहा सेन्सर एकाच गोष्टीची दहादा साक्ष देत असतील तर सूत्र नाजूक होते. हिवाळ्यात बांधलेले सूत्र उन्हाळ्यात फसते, हा या क्षेत्रातला जुना अनुभव. नंदुरबारसारख्या ठिकाणी तर जानेवारीचे सूत्र मेमध्ये वापरणे म्हणजे भाकडकथा. सूत्र प्रत्येक ऋतूत तपासावे लागेल आणि मधूनमधून प्रोबने ज्ञात मापाचा तुकडा मोजून यंत्राला कबुलीजबाब द्यायला लावावा लागेल. हा आक्षेप मी मान्यच करतो. पण त्यातून निघते ते असे, की इथे नोंद ठेवणारा माणूस अधिक लागेल. हे काम इथे होणारच नाही, असे त्यातून निघत नाही.

नोंद ठेवू लागलेल्या माणसाला पहिला धक्का बसेल तो ऋतूंचा. आपण मे महिन्याला घाबरतो. पण खानदेशासारख्या कोरड्या, समुद्रापासून दूर मुलखात दिवस आणि रात्र यांच्या तापमानातली दरी मे महिन्यापेक्षा हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, अधिक रुंद असते. पहाटे अंगावर शाल आणि दुपारी पत्रा तापलेला. यंत्राला मधल्या तासांत मोठा चढ चढावा लागतो आणि तो सगळ्या अंगाने सारखा चढत नाही. उलट जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांनी झाकलेल्या आभाळाखाली, पारा दिवसभर फार हलत नाही. ग्राइंडिंगचे सर्वांत नाजूक काम कधी घ्यावे, याचे उत्तर म्हणून इथे ‘हिवाळ्यात’पेक्षा ‘पावसाळ्यात’ असे यावे लागेल, आणि हिवाळ्यात घ्यायचेच तर पारा स्थिरावलेल्या तासांत.

पारा किती हलतो याइतकेच महत्त्व तो कुठे हलतो याला आहे. दीड मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड असा ओतीव लोखंडाचा खांब घ्या. खिडकीतून सकाळची तिरीप एका बाजूला पडली आणि दोन बाजूंत फक्त एका अंशाचा फरक झाला, तरी खांबाचे डोके सुमारे २५ मायक्रॉन कलते. म्हणजे शंभराच्या शाफ्टवर २२ अंशांच्या सरसकट उन्हाने जे केले, तेच इथे एका अंशाच्या तफावतीने केले. मग दुरुस्ती सुरू होते ती फार स्वस्तात: यंत्र खिडकीपासून हलवणे, पत्र्याला आतून आच्छादन, छताला पांढरा रंग, दाराशी येणारी गरम झुळूक अडवणे, सकाळी जॉब लावण्याआधी स्पिंडल रिकामे फिरवून तापवून घेणे. आणि एक गोष्ट टाळणेही तितकेच गरजेचे. सकाळी नऊला लावलेला आणि संध्याकाळी सहाला बंद केलेला एसी यंत्राला रोज एका पूर्ण फेऱ्यातून फिरवतो. मधे वीज गेली तर दोन फेऱ्यांतून. असा एसी माणसाला सुखाचा असेल, मापाला तो नसल्यापेक्षा वाईट ठरू शकतो. थंडपणाची आपल्याला इतकी मोहिनी आहे की स्थिरपणा हा वेगळा गुण आहे हेच लक्षात येत नाही.

आता तिसरा आक्षेप, व्यवहाराचा. जिल्ह्यात असे काम आहेच कुठे, की ज्यासाठी एवढी यातायात करावी? एरोस्पेसचे सुटे भाग नाहीत, हे खरे. पण ट्रॅक्टर आहेत, जीप आहेत, डिझेल इंजिने आहेत, विहिरींतले पंप आहेत. क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात ६० मिलिमीटरचा जर्नल चाकाखालून उतरताच मोजला आणि तो मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी गरम असला, तर निवल्यावर तो सुमारे दहा मायक्रॉनने लहान भरतो. बेअरिंगच्या फटीच्या हिशेबात दहा मायक्रॉन ही क्षुल्लक रक्कम नव्हे. ते इंजिन लवकर वाजू लागले की शेतकरी तेलाला दोष देतो, मिस्त्री स्पेअरला, आणि थर्मामीटर कोणाच्या खिशात नसतो. उलट साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, गाळप संपल्यावर ऐन उन्हाळ्यात मिलचे रोलर लेथवर चढतात, तेव्हा जर्नल आणि गनमेटलच्या बुशमध्ये मुळातच ऐसपैस फट ठेवायची असते. तिथे मायक्रॉनची फिकीर करणे वेळेचा अपव्यय. कुठे हिशेब मांडायचा आणि कुठे नाही, हेही तापमान जाणणाऱ्यालाच कळते.

आणि हे ज्ञान या मातीला परके नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार ती मुद्दाम चाकाहून किंचित लहान बेतायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर ठोकून वर पाणी ओतायचा. निवताना आवळणारे लोखंड आरे आणि पुठ्ठे जागच्या जागी जखडून टाकी. किती लहान बेतायची याचा अंदाज त्याच्या बोटांत होता. कमी होता तो लिहिलेला आकडा, आणि आकडा नसल्यामुळे ती विद्या एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकली नाही, चाके गेली तशी तीही गेली. आज आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तेच पुन्हा घडण्याचा धोका आहे. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला विस्तारगुणांकाचे गणित सोडवले जाते. दुपारी त्याच मुलाने घेतलेल्या मापाशेजारी तापमान लिहिण्याचा आग्रह सहसा कोणी धरत नाही. गणित फळ्यावर राहते, जॉब व्हाइसमध्ये राहतो आणि दोघांची भेट होत नाही.

म्हणून मागणी मोठ्या प्रकल्पाची नसावी. २०१८ साली केंद्राने नंदुरबारची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. अशा जिल्ह्यांना इमारती आणि यंत्रे मिळतात, उद्घाटनेही होतात. त्याऐवजी जिल्ह्याला एक मोजमाप खोली द्यावी. जाड भिंतींची, खिडकी नसलेली, अहोरात्र एकाच तापमानाला राहणारी, स्वतंत्र वीजसोय असलेली. आत ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, स्लिप गेजचा संच, चांगले थर्मामीटर आणि ते सांभाळणारा एक पगारी माणूस. गावोगावच्या दुकानांनी आपले मास्टर आणि मायक्रोमीटर तिथे ताडून घ्यावेत. जॉब रात्रभर प्लेटवर निवत ठेवून सकाळी मोजून न्यावा. सगळे कारखाने थंड करण्यापेक्षा एक खोली स्थिर करणे कितीतरी स्वस्त आहे, आणि सर्वेक्षणाच्या तंबूतली प्रमाण पट्टी जे काम करत होती तेच काम ही खोली करेल.

ऊन हे कारण मानल्याने सर्वांचीच सोय झाली, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. ऊन कोणाच्या हातात नाही, म्हणून त्याची जबाबदारीही कोणावर नाही. त्याच्या जागी ‘इथे मास्टर ताडून देणारी जागा नाही’, ‘इथे वीज टिकत नाही’, ‘इथे शिकवणाऱ्याने तापमान विचारले नाही’ अशी वाक्ये ठेवली, की प्रत्येक वाक्याला एक कर्ता येतो आणि त्याला जाब विचारता येतो. सुरुवात सर्वांत सोप्या वाक्यापासून करावी. प्रात्यक्षिक परीक्षेत माप बरोबर आले, पण शेजारी जॉबचे आणि गेजचे तापमान लिहिलेले नाही, एवढ्यावरून परीक्षकाने गुण कापावेत. त्यासाठी निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. एक ठाम परीक्षक पुरतो.